करंजमाळचं अमृतजल

विजेच्या छोट्या यंत्राच्या लोखंडी दांड्या बुडवल्या, तसं काचेच्या ग्लासातलं पाणी आधी पिवळसर झालं, मग हिरवट, आणि मिनिटभरात असं काळं-तांबूस झालं, की त्यात बोट बुडवायचीही कुणाची छाती झाली नसती. मारुतीच्या पारापुढे अख्खं करंजमाळ जमलं होतं. बायांनी पदर तोंडाला लावले. पुढेच बसलेली म्हातारी चिमणाबाई मान लांब करून ओरडली, "हाई काय शे वं माय?"

"हे ना आई," पारावरचा माणूस अगदी हळुवारपणे म्हणाला, "हे तुम्ही रोज पिता. नातवंडांना पाजता."

सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. तिकडे कडुलिंबाला टेकून रंगनाथ उभा होता. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. अठरा वर्षं टाकी भरायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, जंतू मारायची ती पांढरी टीसीएल पावडर मोजून घालायची, हे त्याचं काम. तो ग्लासही पाच मिनिटांपूर्वी त्यानेच पाराजवळच्या नळावरून भरून आणला होता. "तुमच्याच हाताने आणा," असं त्याला मुद्दाम सांगण्यात आलं होतं.

पारावरच्या माणसाचं नाव फलकावर लिहिलेलं होतं : जलर्षी निरंजनजी, संस्थापक, त्रिलोकामृत. पांढरा सुती झब्बा, गळ्यात रुद्राक्ष, मनगटावर चकचकीत घड्याळ. बारा वर्षं परदेशात व्यवस्थापन शिकले आणि तीन वर्षं हिमालयात मौनात बसले, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. मौनाची भरपाई ते आता करत होते.

"आता माझं पाणी बघा." त्यांनी दुसरा ग्लास भरला. तेच छोटं यंत्र, त्याच लोखंडी दांड्या, तीच वीज. दांड्या पाण्यात बुडाल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाणी स्फटिकासारखं स्वच्छ. निरंजनजींनी ग्लास उचलला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि घटाघटा पिऊन टाकला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हे पाणी बनवणारं यंत्र परदेशात साठ लाखांना मिळतं," निरंजनजी सांगू लागले. "तिकडचे साहेब म्हणाले, गरीब देशांना हे परवडणार नाही. मी म्हटलं, मी याचा आत्मा काढतो आणि आमच्या खेड्याच्या देहात घालतो! ना केमिकल, ना सरकारी पावडर. फक्त स्पंदन. कार्ड लावा, जार भरा. जेवढं पाणी, तेवढेच पैसे. जगाच्या पिरॅमिडच्या तळाशी तुम्ही आहात, असं ते लोक म्हणतात. मी म्हणतो, अमृत नेहमी तळाशीच साठतं!"

कुणालाच काही कळलं नाही, पण सगळ्यांना ते पटलं. ग्लास तर डोळ्यांसमोर काळा झाला होता.

तरुण सरपंच दीपक भारावून उभा राहिला. पोरगा लबाड नव्हता. गावात काहीतरी नवं यावं, शहरातल्यासारखं यावं, याची त्याला घाई होती. त्याच बैठकीत ठराव झाला. नाल्याकाठची जुनी विहीर, तिच्याशेजारची खोली आणि वीजजोडणी त्रिलोकामृतला मिळाली.

लोक पांगताना एकजण रंगनाथच्या खांद्याला घासून गेला आणि म्हणाला, "अठरा वर्षं हेच पाजलं व्हय रे आम्हाला?"

रंगनाथला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल, तर ते हे, की त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या हाताने आणलेलं पाणी काळं झालेलं पाहिलं होतं.

जानेवारी सरता सरता त्या खोलीत निळं-पांढरं केंद्र उभं राहिलं. महिनाभरात गावातल्या बहुतेक घरांत निळी कार्डं आली. टाकीचं पाणी आता धुण्याभांड्याला आणि गुरांना. नळाला तोंड लावणाऱ्या पोराला आया धपाटा घालू लागल्या. रंगनाथ तरीही रोज पावडर घालत राहिला. कुणी पीत नसलं तरी हाताला सवय होती. फक्त माळावरच्या मजुरांच्या वस्तीत कार्ड पोहोचलं नव्हतं. त्या चाळीस झोपड्या मुकाट्याने टाकीचंच पाणी पीत होत्या, आणि गाव त्यांच्याकडे कणवेने बघत होतं.

फेब्रुवारीत रंगनाथची मुलगी निकिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना होता. तिच्या आईने, लंकाबाईने, त्याच दिवशी जार आणला.

"अहो, पोटातल्या जीवाला तरी चांगलं पाणी मिळू द्या," ती नवऱ्याची नजर चुकवत म्हणाली.

रंगनाथने जार स्वतः उचलून ओट्यावर ठेवला. त्या पाण्याचा पहिला पेला निकिताला त्यानेच भरून दिला. पुढे कितीतरी दिवस त्याला तो पेला आठवत राहणार होता.

मार्च लागला आणि गावात कावीळ आली.

आधी दोन घरांत, मग आठ, मग गल्लीच्या गल्ली. माणसांना अन्न नकोसं झालं, लघवी पिवळीजर्द झाली, डोळ्यांत हळद उतरली. दुपारी पारावर माणूस दिसेना. दारं अर्धी लोटलेली, आतून ओकारीचा आवाज. लोकांनी निरंजनजींना फोन लावला. त्यांचा आवाज फोनच्या स्पीकरवरून चौकात घुमला.

"घाबरू नका! हा रोग नाही, हा निचरा आहे. वर्षानुवर्षं तुमच्या रक्तात साचलेलं पावडरीचं विष पिवळं होऊन बाहेर पडतंय. ज्याला जास्त त्रास, त्याचं विष जास्त. अमृत दुप्पट करा."

लोकांनी अमृत दुप्पट केलं.

सोनाराच्या गल्लीतली सून पूजा सहा महिन्यांची गरोदर होती. तिला दिवसाला तीन तांबे पाजलं जात होतं. पाचव्या दिवशी ती माणसं ओळखेनाशी झाली. तालुक्याला, देवळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत गेली.

मातीहून परतताना कुणी मोठ्याने बोललं नाही. मागून एक बाई एवढंच पुटपुटली, "लय विष साचलं असंल तिच्यात." गेलेल्या पोरीलाच दोष लागला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तबस्सुम मॅडमनी त्याला थांबवलं. त्या मूळच्या येवल्याच्या, विणकर घरातल्या, आणि इथल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. हातात हजेरीपट होता.

"रंगनाथभाऊ, एक बघा. पंधरा दिवसांत काविळीने बत्तीस मुलं गैरहजर आहेत. ही त्यांची नावं. तुम्हाला घरं माहीत आहेत. यातली माळावरच्या वस्तीतली किती?"

रंगनाथने बोट फिरवत यादी वाचली. मग पुन्हा वरून वाचली.

"एकबी नाय, मॅडम."

"वस्तीतली सव्वीस मुलं माझ्या शाळेत आहेत. सगळी हजर. ती कुठलं पाणी पितात?"

"माझं," तो म्हणाला. "टाकीचं. पण मॅडम, ते तर काळं झालं होतं. मी बघितलं ना!"

"बघितलं मीही. म्हणूनच विचारतेय, आपण नेमकं काय बघितलं?"

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि दोन कपाटं. मॅडमनी मोटारसायकलची जुनी बॅटरी काढली, दोन तारा जोडल्या आणि तारांच्या टोकांना दोन नवेकोरे लोखंडी खिळे बांधले. ग्लासात टाकीचं पाणी. खिळे बुडाले. इथे वेळ जास्त लागला, पण दहाएक मिनिटांत एका खिळ्याभोवती हिरवट धूर पसरावा तसा रंग सुटू लागला, मग तो तपकिरी झाला. रंगनाथने मान फिरवली.

"नका फिरवू. आता हा खिळा बघा." त्यांनी तो बाहेर काढून पुसला. नव्या खिळ्याला खवले पडले होते, जणू वाळवीने खाल्ला होता. "पाण्यातून वीज गेली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज होतो. हा रंग त्या गंजाचा. घाण पाण्यात नव्हती, भाऊ. दांडीतून येत होती."

मग त्यांनी दुसरा ग्लास भरला. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. खिळे बुडाले, पण रंग आला नाही. "यात क्षार नाहीत, म्हणून वीज जात नाही. वीज नाही, तर गंज नाही. त्याच्या अमृताचं गुपित एवढंच." त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. पाणी हळूहळू तपकिरी झालं. "बघा. मिठाने काय पाणी विषारी होतं? विहिरीच्या चांगल्या पाण्यातही क्षार असतातच. ते यंत्र जंतू दाखवत नाही, क्षार दाखवतं."

रंगनाथ स्टुलावर बसला. अठरा वर्षांची मान दोन महिने खाली होती, ती वर यायला हवी होती. पण त्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच उभं राहिलं. ओट्यावरचा निळा जार.

तो घराकडे पळत सुटला. निकिता अंगणात खाटेवर पडली होती. "दोन दिवस झाले, पप्पा, जेवण जात नाय," ती म्हणाली. त्याने तिला उन्हाकडे तोंड करायला सांगितलं. तिचे डोळे पिवळे झाले होते.

लंकाबाई दारात तांब्या घेऊन उभी होती. "निचरा असंल ना हो?" तिने विचारलं, आणि नवऱ्याचं तोंड बघून तिच्या हातातून तांब्या सुटला.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार कलली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि रंगनाथला बाजूला घेतलं.

"ही कावीळ सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून होते. इतरांना बहुधा बरी होते, पण शेवटच्या महिन्यांत गरोदर बाईच्या जिवावर उठते. गावात आणखी कुणी गरोदर आहे?"

रंगनाथने मनात घरं मोजली. "अकराजणी."

"मग इथे थांबून तुम्ही काय करणार? मुलीला आम्ही बघतो. तिकडे ते पाणी बंद करा. आमच्याकडूनही आरोग्य खात्याला कळवते, पण माणसं यायला दिवस जाईल. अकराजणी तोवर पाणी पितीलच ना?"

लेकीच्या खाटेपासून उठणं त्याला जड गेलं. लंकाबाई म्हणाली, "जा तुम्ही. मी हाय." मग खाली बघत म्हणाली, "जार मीच आणला."

"अगं, पेला मी दिला," तो म्हणाला, आणि निघाला.

गाड्या बदलत सकाळी गावात पोहोचताच तो सरपंचाच्या दारात उभा राहिला. दीपकने ऐकून घेतलं, पण मान हलवली. "नाना, तुमचा राग मी समजू शकतो. पण खिळ्याबिळ्यावर मी प्लँट बंद केला तर लोक मला फाडून खातील. निरंजनजी आजच येताहेत, अमृतोत्सव हाय. समोरासमोर विचारा."

रंगनाथ तिथून थेट नाल्याकाठी गेला. खोलीला कुलूप होतं. दार बंद असलं तरी नळवाल्याला भिंत वाचता येते. तो मागच्या बाजूला गेला आणि सांडपाण्याच्या पाइपाशी उकिडवा बसला. असल्या गाळायच्या मशीनमधून जेवढं पाणी शुद्ध होऊन निघतं, जवळपास तेवढंच खारट पाणी बाहेर फेकलं जातं. दिवसाला शेकडो जार भरत होते. म्हणजे इथे ओढा वाहायला हवा होता. पाइपाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. खालची माती फुफाट्यासारखी कोरडी. वीस पावलांवरून गावाचं गटार नाल्याला मिळत होतं, आणि त्या गटाराला खेटून ती जुनी विहीर.

त्याने पाइपाचा फोटो काढला आणि शाळेकडे वळला.

दहा वाजता पारापुढे पुन्हा गर्दी जमली. या वेळी पिवळ्या डोळ्यांची. माणसं एकमेकांना टेकून बसली होती. निरंजनजींनी पूजाच्या आत्म्यासाठी दोन मिनिटं मौन पाळायला लावलं आणि मग नव्या योजनेची घोषणा केली : गरोदर मातांसाठी 'गर्भामृत', वेगळ्या कार्डावर.

तबस्सुम मॅडम उठल्या. "महाराज, आमच्याकडे दोन घरांचं पाणी आहे. शुद्ध कुठलं, ते तुमच्या यंत्रावर सांगाल का? सगळ्यांसमोर."

"अवश्य!" निरंजनजी प्रसन्न हसले. "सत्याला परीक्षेची भीती नसते."

रंगनाथने दोन ग्लास पारावर ठेवले. पहिल्यात दांड्या बुडाल्या. बघता बघता पाणी काळं-तांबूस झालं. गर्दी विव्हळली.

"विष!" निरंजनजी म्हणाले. "हे ज्या घरचं आहे, त्यांनी आजच कार्ड घ्यावं."

दांड्या धुऊन दुसऱ्यात. एक मिनिट. दोन मिनिटं. पाणी तसंच नितळ.

"हे शुद्ध. हे अमृत. हे आपल्याच ग्राहकाचं असणार." त्यांनी ग्लास उंच धरला. "बरोबर ना?"

"दोन्ही ग्लासांत एकच पाणी आहे," तबस्सुम मॅडम स्पष्ट आवाजात म्हणाल्या. "देवळ्याच्या बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर. ज्याला तुम्ही विष म्हणालात, त्यात मी चिमूटभर मीठ घातलं. बास."

"आन् तुमच्या हातातल्या अमृतात," रंगनाथ पुढे आला, "मी आत्ता नाल्यावरनं गटाराचं पाणी चार थेंब टाकलंय. प्या."

निरंजनजींचा हात हवेतच राहिला.

"प्या ना. दांडीनं शुद्ध सांगितलंय. तुम्हीच सांगितलं. मागच्या येळेला डोळे मिटून प्यालात तसंच."

"हा... हा स्पंदनाचा अपमान आहे," निरंजनजी म्हणाले. "अविश्वासी हाताने स्पर्श केल्यावर..."

"महाराज," मागून चिमणाबाई काठी टेकत उठली, "मी दोन महिने पिऊ राहिले. तुम्ही एक घोट प्या."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. त्या ग्लासाच्या तळाच्या आवाजाने गावाला जे कळायचं ते कळलं.

मग दीपकच उठला. त्याचा चेहरा उतरला होता. "किल्ली द्या," तो म्हणाला. खोली उघडली. आत लखलखणारं मशीन होतं, त्यावर हिरवे-निळे दिवे लुकलुकत होते. रंगनाथने मागची पत्र्याची झडप पान्याने उघडली. विहिरीचा पाइप मशीनच्या शेजारून सरळ पुढच्या नळाला जोडलेला होता. मशीनला पाण्याचा थेंबही शिवत नव्हता. गाळायच्या नळकांड्यांवर कारखान्याचं प्लास्टिक अजून तसंच होतं. दिव्यांना तेवढी वीज दिलेली होती.

दोन महिने गाव गटाराच्या शेजारच्या विहिरीचं पाणी, न गाळता, पावडर न घालता, विकत घेऊन प्यालं होतं.

लोक निरंजनजींच्या अंगावर धावले. दीपक आणि रंगनाथ आडवे उभे राहिले. "हात लावायचा नाय," रंगनाथ ओरडला. "पोलिसांपुढं बोलू दे त्याला. मशीन असंच राहू द्या, पुरावा हाय तो." खोलीला पंचायतीचं कुलूप लागलं. दुपारी आरोग्य खात्याची माणसं आली. त्यांनी जंतू तपासायचं औषध घातलेल्या दोन छोट्या बाटल्यांत जारचं आणि टाकीचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जारच्या पाण्याची बाटली काळी पडली. ते औषध मात्र खरोखर जंतू दाखवणारं होतं, आणि त्या बाटलीला एका भजीच्या प्लेटएवढेही पैसे पडत नाहीत. टाकीच्या पाण्याची बाटली जशीच्या तशी राहिली.

अकराजणींपैकी दोघींना कावीळ झाली, पण वेळेत दवाखान्यात पोहोचल्या आणि वाचल्या. निकिता सहा दिवस शुद्धीवर नव्हती. सातव्या दिवशी तिने आईला हाक मारली. बाळ मात्र गेलं होतं. मुलगी होती.

निरंजनजींवर गुन्हा दाखल झाला. ते जामिनावर सुटले आहेत. परवा कुणीतरी मोबाइलवर दाखवलं : दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या नावाने, त्याच झब्ब्यात, हातात ग्लास.

ते बघून दीपक शाळेत आला आणि म्हणाला, "मॅडम, मग नवं काही गावात आणायचंच नाय का?"

"असं कोण म्हणालं?" तबस्सुम मॅडम म्हणाल्या. "माझ्या अब्बांनी रेशमाचा धागा कांड्यांवर गुंडाळायच्या चरख्याला शिलाई मशीनची जुनी मोटर बसवली. अम्मीचे खांदे वाचले. गल्लीतला जो येईल त्याला अब्बा सगळं खोलून दाखवायचे, म्हणायचे, तू पण कर. गरिबाला परवडेल असं यंत्र हवंच, सरपंच. पण परवडणारं म्हणजे तपासायचं नाही, असं नाही. आपण यंत्राला हात जोडले, तिथे चुकलो. त्याला प्रश्न विचारायचे असतात. आत काय आहे? झाकण उघडता का? आमच्या हाताने, आमच्या पाण्यावर, आम्ही म्हणू त्या दिवशी करून बघू देता का? याला जो रागावेल, तो साधू असो की साहेब, त्याला गावाबाहेर चहा पाजून निरोप द्या."

वाचकहो, दोन लोखंडी दांड्यांचा हा खेळ आजही दारोदार चालतो, शहरातल्या सोसायट्यांमध्येही चालतो. तुमच्या दारात कुणी आलं, तर हसून त्याचं स्वागत करा, त्याच्या शुद्ध पाण्यात घरातलं चिमूटभर मीठ टाका, आणि पुन्हा दांड्या बुडवायला सांगा. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका. दिसलं ते कशामुळे दिसलं, एवढं एकदा विचारा. करंजमाळने ते जानेवारीत विचारलं असतं, तर पूजा आज असती, आणि निकिताची मुलगी तिच्या मांडीवर असती.